खाती वेगळी, सबनेट सामाईक

क्लाउडवर काम करणाऱ्या मोठ्या कंपनीचं आज एकच खातं नसतं. पगाराचं सॉफ्टवेअर एका खात्यात, ग्राहकांचं अ‍ॅप दुसऱ्यात, चाचण्या तिसऱ्यात. अ‍ॅमेझॉनने २०१७ साली ऑर्गनायझेशन्स ही सोय सर्वांसाठी खुली केली आणि नवी खाती काढणं फार सोपं झालं. पण प्रत्येक नव्या खात्यामागे एक नवी व्हीपीसी, म्हणजे त्या खात्याचं स्वतःचं खासगी नेटवर्क, उभं राहू लागलं. ही नेटवर्क एकमेकांना जोडत बसणं हेच मग नेटवर्कवाल्यांचं काम होऊन बसलं. २०१८ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने दुसरी वाट दिली. व्हीपीसी एकाच खात्याने बांधायची आणि तिच्यातले सबनेट, म्हणजे तिच्या पत्त्यांचे तुकडे, त्याच संस्थेतल्या बाकीच्या खात्यांना वापरायला द्यायचे. गूगल क्लाउडवर हीच मांडणी होस्ट प्रोजेक्ट आणि सर्व्हिस प्रोजेक्ट या नावांनी आहे.

हे करावं की नाही, यावर या क्षेत्रातल्या जाणत्या माणसांत दोन तट आहेत. ते मी इथे दोघांच्या तोंडी घातले आहेत. ताई एका कारखानदारी समूहाचं नेटवर्क सांभाळते. तिचा आतेभाऊ पुण्यातल्या पेमेंट क्षेत्रातल्या एका कंपनीत सुरक्षेचं काम पाहतो, आणि त्याच्या कंपनीत हा निर्णय येत्या बैठकीत व्हायचा आहे. माझा कल ताईकडे आहे, हे आधीच सांगतो. पण भावाच्या दोन मुद्द्यांना तिच्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही.

भाऊ: ताई, आमच्याकडे चाळीसेक खाती आहेत, प्रत्येकाची आपापली व्हीपीसी. आता प्लॅटफॉर्मवाले म्हणतायत, हे सगळं मोडू, एक नेटवर्क खातं करू आणि तिथले सबनेट सगळ्यांना वाटू. मला नाही पटत. खाती वेगळी केली कशाला? एकात कोणी घुसलं तर तो तिथेच अडकावा म्हणून ना?

ताई: तेवढ्यासाठीच नाही केली. कोणाला काय करायची परवानगी आहे, कोणाचं बिल किती, कोणाची मर्यादा कुठवर, आणि एकाने चुकून काही पुसलं तर दुसऱ्याचं शाबूत राहावं, या सगळ्यासाठी केली. सबनेट सामाईक केल्याने यातलं काही जात नाही. नेटवर्क खात्यातून रिसोर्स अ‍ॅक्सेस मॅनेजरमध्ये जायचं, सबनेट निवडायचा, कोणत्या खात्याला किंवा खात्यांच्या कोणत्या गटाला द्यायचा ते सांगायचं. त्या खात्याच्या यादीत तो सबनेट दिसायला लागतो. त्यात ते आपले सर्व्हर टाकेल, डेटाबेस टाकेल, लॅम्डा जोडेल. राउट टेबलला मात्र त्याला हात लावता येत नाही, इंटरनेट गेटवेलाही नाही. आणि शेजारच्या खात्याचे सर्व्हर त्याला दिसतसुद्धा नाहीत, मग बदलणं-पुसणं लांबच.

भाऊ: दिसत नाहीत, पण पोचता तर येतं! घुसलेल्या माणसाला कन्सोलवर यादी लागतच नाही, तो पत्ते चाचपत जातो. व्हीपीसीच्या प्रत्येक राउट टेबलात लोकल नावाची एक ओळ असते, ती काढता येत नाही. म्हणजे त्या व्हीपीसीतल्या कुठल्याही पत्त्यावरून कुठल्याही पत्त्याकडे रस्ता आहेच. आज माझ्या दोन व्हीपीसींमध्ये रस्ताच नाही. जोडायच्या तर कोणीतरी पीअरिंग मागतं, कोणीतरी मान्य करतं, त्याची नोंद राहते. सामाईक केल्यावर आधी सगळं जोडलेलं, आणि अडवायचं काय ते आपण बघायचं.

ताई: अडवायला सिक्युरिटी ग्रुप आहे. नवा ग्रुप केलास की आत येणारं काहीच चालत नाही, तू उघडशील तेवढंच उघडतं. व्हीपीसीचा जो मूळचा डिफॉल्ट ग्रुप असतो तो मालक खात्याचा, बाकीच्यांना तो वापरताच येत नाही. म्हणजे सगळे नकळत एकाच ग्रुपात जाऊन बसले, असंही होत नाही.

भाऊ: पुस्तकात नाही होत. आमच्या एका टीमचा नियम सांगतो. पोस्टग्रेस डेटाबेस, पोर्ट ५४३२, कुठून येऊ द्यायचं तर १०.०.०.०/८. घाईत लिहिला असेल. लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं, १० ने सुरू होणारे पत्ते म्हणजे आपले. आणि त्याचं चुकलं नव्हतं, कारण त्याची व्हीपीसी कशालाच जोडलेली नव्हती. हाच डेटाबेस उद्या सामाईक सबनेटमध्ये नेला आणि नियम तसाच उचलून नेला, तर ती एक ओळ सगळ्या खात्यांना दार उघडते. अक्षरही न बदलता तिचा अर्थ बदलला. असा नियम चाळणीत सापडत नाही, कारण तो आधीपासून तिथे आहे आणि कोणी त्याला हात लावलेला नाही.

मला हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. खात्याची हद्द परवानग्यांची असते आणि व्हीपीसीची हद्द पॅकेटची. या दोन हद्दी एकमेकींवर बसलेल्या असतात तोवर कोणाला त्यांच्यातला फरक कळत नाही, आणि सबनेट सामाईक झाले की त्या सुटून वेगळ्या होतात. जुने नियम मात्र दोन्ही एकच आहेत असं धरून लिहिलेले असतात.

ताई: हे मान्य. म्हणून आमच्याकडे नियमात पत्त्यांचा पट्टा लिहायलाच बंदी आहे. आत कोणाला घ्यायचं ते ग्रुपच्या नावाने लिहायचं. पगाराच्या अ‍ॅपचा ग्रुप डेटाबेसच्या ग्रुपला बोलू शकतो, बस. एकाच व्हीपीसीत असल्यावर दुसऱ्या खात्यातल्या ग्रुपचाही उल्लेख करता येतो, खाते क्रमांकासकट. ऑक्टोबर २०२४ पासून तर मालक खातं आपला सिक्युरिटी ग्रुपच बाकीच्यांना वापरायला देऊ शकतं. आता मला सांग, तुमच्या आजच्या मांडणीत एका खात्यातलं अ‍ॅप दुसऱ्या खात्यातल्या डेटाबेसशी बोलत असेलच ना? तिथे काय लिहिता?

भाऊ: समोरच्या सबनेटचा पट्टा.

ताई: म्हणजे त्या सबनेटमध्ये जे काही उभं राहील, त्या सगळ्याला परवानगी. माझ्याकडे एकाच अ‍ॅपला आहे. शिवाय मालक खात्याला सगळ्यांचे नेटवर्क इंटरफेस आणि त्यांना लावलेले ग्रुप बघता येतात. बदलता येत नाहीत, पण तपासणीसाठी दिसतात. संपूर्ण व्हीपीसीचे फ्लो लॉग एका ठिकाणी लावता येतात. चाळीस खात्यांत चाळीस वेळा लॉग चालू करून ठेवणं आणि ते चालू राहिलेत का ते बघणं, हे तुझ्याच टीमच्या डोक्यावर बसलेलं काम आहे ना?

भाऊ: आहे.

ताई: आता पत्त्यांचं बोलू, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे. खासगी पत्ते कोणते, ते फेब्रुवारी १९९६ च्या एका मानकाने ठरवलं. त्यात सगळ्यात मोठा साठा १०.०.०.०/८, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्ते. ऐकायला अफाट वाटतं. पण लोक व्हीपीसीला सरसकट /१६ देतात आणि तसे तुकडे फक्त २५६ पडतात. त्यातून ऑफिसचं जाळं, जुनं डेटा सेंटर, व्हीपीएन, आणि समूहाने एखादी कंपनी विकत घेतली तर तिचं सगळं वजा कर. आणि त्या कंपनीनेही १०.०.०.०/१६ च घेतलेलं असतं, कारण शिकवणीच्या प्रत्येक धड्यात तोच पट्टा असतो! दोन्हीकडे तोच पट्टा आला की पीअरिंग होत नाही. मग पत्ते बदलायला बसा, चालत्या उत्पादनात.

भाऊ: हे आमच्याकडे दोनदा झालंय.

ताई: सगळीकडे होतं. आणि दुसऱ्या बाजूला नासाडी. एका खात्यात ६५,५३६ पत्त्यांची व्हीपीसी आणि आत मोजून तीस सर्व्हर. पलीकडच्या खात्यात कुबरनेटिसवाले पत्त्यांसाठी रडतायत, कारण तिथे नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पॉडला स्वतःचा पत्ता लागतो. एकाकडचे पडून राहिलेले पत्ते दुसऱ्याला देता येत नाहीत. प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते अ‍ॅमेझॉन राखून ठेवतं, त्यामुळे लहान लहान तुकडे केलेस तर तिथेही गळती. /२८ घेतलास तर सोळातले अकराच तुझे. सबनेट सामाईक केले की साठा एकच राहतो आणि ज्याला जेवढे लागतील तेवढे मिळतात.

भाऊ: आणि एकाने सगळे खाल्ले तर? सणाच्या सेलला एका टीमचं ऑटोस्केलिंग सुटतं, सबनेट भरतो आणि दुसऱ्या टीमचं साधं डिप्लॉयमेंट अडकतं, का तर पत्ते शिल्लक नाहीत. या खात्याला या सबनेटमधले एवढेच पत्ते, असा कोटा लावायची सोय अ‍ॅमेझॉनने दिलेली नाही. अशा वेळी मला रात्री उठवतील, आणि ज्याने पत्ते संपवले त्याला पत्ताही नसेल.

ताई: म्हणून खादाड टीमला वेगळा सबनेट द्यायचा. सामाईक म्हणजे सगळे एकाच सबनेटमध्ये कोंबायचे, असं कोणी सांगितलं? सबनेट अमक्या गटाला हा, तमक्याला तो, असे नेमून देता येतात. पॉडसाठी तर १००.६४.०.०/१० मधला दुय्यम पट्टा व्हीपीसीला जोडायचा, म्हणजे १० चे पत्ते वाचतात.

भाऊ: मग तू परत तुकडेच पाडलेस.

ताई: पाडले. पण ते माझ्या हातात आहेत. एकाचा लहान पडला तर त्याच व्हीपीसीत त्याला आणखी एक कापून देते, त्यासाठी नवी जोडणी, नवे राउट, काही लागत नाही. आणि दोन सबनेटमध्ये तुला कडक अडवणूक हवी असेल तर नेटवर्क एसीएल लाव. तो माझ्या ताब्यात असतो, टीमने सिक्युरिटी ग्रुपमध्ये काही घोळ घातला तरी एसीएल तिथे आहेच.

भाऊ: हे बरं आहे. पण एसीएल स्टेटलेस असतो. जाणाऱ्याचा नियम वेगळा लिहा, परतीच्या पोर्टांचा वेगळा. लोक कंटाळून सगळं उघडं ठेवतात.

ताई: म्हणून तो मोजकाच लिहायचा. या गटाने त्या गटाकडे जायचं नाही, एवढीच एक ओळ. बारीकसारीक ग्रुपांकडे.

भाऊ: आणखी एक आहे, बारीक वाटेल, पण रोज छळणारं. मी दोन खाती जोडून प्रयोग करून बघितला. मालक खात्यात सबनेटला छान नाव दिलेलं, उत्पादन, खासगी, पहिला झोन वगैरे. वापरणाऱ्या खात्यात जाऊन बघतो तर नाव कोरं. मालकाने लावलेले टॅग पलीकडे दिसतच नाहीत. नुसते सबनेटचे लांबलचक आयडी. नव्या पोराने कोणता निवडायचा? वर गंमत म्हणजे मालकाच्या कन्सोलवर तो एपी-साउथ-१ए मध्ये होता आणि माझ्याकडे एपी-साउथ-१बी दाखवत होता. मला वाटलं, चुकीचाच सबनेट आला.

ताई: अरे, हे कळलं नाही म्हणून कितीतरी लोक उगाच पैसे भरत बसतात. ए, बी, सी ही अक्षरं खात्यागणिक वेगळी नेमलेली असू शकतात. सगळ्यांनी ए निवडून एकाच झोनवर गर्दी करू नये म्हणून अ‍ॅमेझॉनने तसं केलं. मुंबईत तीन झोन आहेत. त्यांचे खरे आयडी एपीएस१-एझेड१, एझेड२, एझेड३ असे, आणि ते सगळ्या खात्यांत तेच राहतात. बघायचं ते आयडीकडे. दोन खात्यांची माणसं आपापल्या ‘ए’ मध्ये सर्व्हर ठेवतात आणि समजतात की आपण एकाच झोनमध्ये आहोत. असतात दोन झोनमध्ये, आणि झोन ओलांडणाऱ्या डेटाला जीबीमागे एक सेंट लागतो, तोही दोन्ही टोकांना. एकाच झोनमध्ये खासगी पत्त्यावरून बोललं तर काहीच लागत नाही. सबनेट सामाईक असेल तर हा प्रश्नच उरत नाही, कारण सबनेट एका झोनचा असतो आणि तू त्याच सबनेटमध्ये आहेस.

भाऊ: आणि नावाचं काय?

ताई: नावांची यादी एका ठिकाणी ठेवायची. आमच्याकडे टेराफॉर्म चालतानाच ती यादी वापरणाऱ्या खात्यांच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये लिहिली जाते. टीम आयडी शोधत नाही, नाव मागते आणि आयडी मिळतो. काम वाढतं, नाही म्हणत नाही.

खर्चाची बाजू लवकर आटोपते, कारण तिच्याबद्दल फारसा वाद नाही. चाळीस व्हीपीसी आणि प्रत्येकीत तीन झोनला तीन नॅट गेटवे धरले तर एकशेवीस गेटवे अष्टौप्रहर भाडं खात बसतात. सामाईक व्हीपीसीत तीन पुरतात. एस३सारख्या सेवांकडे आतल्या आत जाण्याची एंडपॉइंट्सही एकदाच बांधायची. पण इथे भावाने एक गोष्ट काढली, ती सोडून देण्यासारखी नाही.

भाऊ: नॅट गेटवेचं भाडं आणि त्यातून जाणाऱ्या डेटाचा आकार मालक खात्यावर पडतो. म्हणजे आपल्या गावच्या सामाईक विहिरीसारखं झालं, पाणी सगळ्यांचं आणि मोटारीचं बिल एकाच्या नावावर. तिथे निदान पाण्याची पाळी ठरलेली असते. इथे एखाद्या टीमचा क्रॉलर बाहेरच्या एकाच सर्व्हरकडे हजारो कनेक्शन उघडतो. एका पत्त्यावरून एका ठिकाणाकडे नॅट गेटवे ५५,००० कनेक्शन धरतो. ती संपली की त्याच ठिकाणाकडे जाणारे बाकी सगळे अडकले. आमच्याकडे ते ठिकाण म्हणजे बँकेचं गेटवे असतं. ते अडकलं तर पैसे अडकतात.

ताई: गेटवेला जास्तीचे पत्ते जोडता येतात, म्हणजे कनेक्शनही वाढतात. बिलाची वाटणी फ्लो लॉगवरून काढता येते, आम्ही काढतो. पण बँकेकडे जाणारी वाट तुझ्या जागी मीही वेगळी ठेवीन. तो सबनेट वेगळा, त्याचं राउट टेबल वेगळं, त्याचा गेटवे वेगळा. आणि कार्डांची माहिती जिथे साठते ते तर सामाईक व्हीपीसीत आणायचंच नाही.

भाऊ: हे मी ऐकायला थांबलो होतो! पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा परीक्षक विचारतो, कार्डांच्या माहितीपर्यंत कोणाला पोचता येतं? जे पोचू शकतं ते सगळं त्याच्या तपासणीत येतं. मी त्याला म्हणणार, सिक्युरिटी ग्रुपने अडवलंय. तो म्हणणार, दाखवा, सगळ्यांचे.

ताई: बरोबर. ते खातं बाहेर.

भाऊ: आणि विकल्या जाऊ शकणाऱ्या कंपन्या? समूहातली एक शाखा विकली, तिचं खातं आपल्या ऑर्गनायझेशनमधून बाहेर गेलं की सबनेटची वाटणी तुटते. चालू असलेले सर्व्हर चालू राहतात, पण नवं काही टाकता येत नाही. आणि सर्व्हर एका व्हीपीसीतून दुसरीत उचलून नेता येत नाही, नव्याने उभा करावा लागतो. उलट बाजूने मालकालाही तो सबनेट पुसता येत नाही, जोवर त्यांचं सामान आत आहे तोवर. दोघेही अडकलेले.

ताई: याला माझ्याकडे उत्तर नाही. ही वाट धरणं सोपं आहे, सोडणं महाग. आमच्याकडे असा प्रसंग आला नाही. आला तर काही महिने जातील.

भाऊ: आणि शेवटचं. राउट टेबलात एक ओळ चुकली तर आज माझी एक टीम बसते. तुझ्याकडे सगळ्या बसतात.

ताई: सगळ्या नाही. उत्पादनाची व्हीपीसी वेगळी, चाचणीची वेगळी, आणि बदल आधी चाचणीत. तसंही एका व्हीपीसीत मुळात शंभरच खात्यांना घेता येतं, मर्यादा वाढवून घेतल्याशिवाय. सगळ्या संस्थेची मिळून एकच व्हीपीसी, असं कोणी शहाणा करणार नाही. पण तुझं म्हणणं खरं आहे, उत्पादनाच्या व्हीपीसीत चूक झाली तर ती मोठी होते. मी एवढंच म्हणते की तुमच्याकडे चाळीस राउट टेबलांना हात लावणारी माणसं किती? आमच्याकडे चार आहेत, आणि प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय जात नाही. तुमच्याकडे ज्याला गरज पडेल तो बदलतो.

भाऊ: आणि चार माणसांपुढे रांग लागते.

ताई: कशाची रांग? व्हीपीसी नीट बांधली असेल तर टीमला राउट बदलायची गरज वर्षात क्वचित पडते. त्यांना सर्व्हर हवा असतो, डेटाबेस हवा असतो, ते त्यांचं ते करतात. रांग लागते ती प्रायव्हेट डीएनएस झोनची. टीमने स्वतःच्या खात्यात झोन केला तर तो आमच्या व्हीपीसीला जोडायला दोन्ही खात्यांची संमती लागते. ते आम्ही आता आपोआप होईल असं केलंय.

इथून पुढे दोघांनी चाळीस खात्यांची यादी उघडली. कार्डांचं खातं आणि विकाऊ शाखेची दोन खाती वेगळी राहणार, यावर एकमत झालं. चाचणीच्या खात्यांवर झालं नाही. ताईच्या मते सुरुवात तिथूनच करावी, कारण तिथे चूक झाली तर नुकसान कमी. भावाच्या मते सगळ्यात बेफिकीर नियम चाचणीतच लिहिले जातात, आणि चाचणीत उत्पादनाच्या डेटाची प्रत कोणी आणून ठेवली असेल, ते कोणालाच ठाऊक नसतं. मी भावाच्या बाजूने आहे. चाचणीचं खातं कमी धोक्याचं असतं हा समज मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे, आणि तो सहसा कोणी तपासून पाहिलेला नसतो.

ताई: बरं, तुझ्या मनासारखं. बैठकीत काय मागणार आहेस?

भाऊ: सबनेट सामाईक करायला माझी हरकत नाही, हे सांगणार. पण पहिलं खातं हलवायच्या आधी चाळीसही खात्यांतले सगळे सिक्युरिटी ग्रुप बाहेर काढायचे, आणि ज्या ज्या नियमात १०.०.०.०/८ लिहिलंय तो कोणाचा आणि कशासाठी, ते त्या त्या टीमकडून लिहून घ्यायचं.

ताई: १७२.१६.०.०/१२ पण बघ. आणि १९२.१६८.०.०/१६. तेही लोक तसेच टाकून ठेवतात.